ओट्यामागची तिरकी भिंत

(वसंत व्याख्यानमालेतल्या एका संध्याकाळच्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. परिचय करून देताना माझा उल्लेख 'दृष्टिभ्रमाचे अभ्यासक' असा झाला, तेव्हा कोण आलंय म्हणून मीच मागे वळून पाहिलं. मी चित्रकलेचा मास्तर. तेहतीस वर्षं पोरांकडून मडकं, कांदा आणि उपडी बादली काढून घेतली. एलिमेंटरीला बसवली, इंटरमिजिएटला बसवली. तिसऱ्या रांगेत त्यातले दोघं दिसतायत. त्यांतल्या एकाची बादली कागदावर कधी धड उभी राहिली नाही, आज त्याचं तीन मजली घर उभं आहे. तेव्हा चित्रकलेचा आणि आयुष्याचा संबंध किती, हे तुम्हीच ठरवा.

पत्रिकेवर विषय छापलाय 'बघता बघता भ्रम विरतो'. मला म्हणायचंय ते असं. डोळ्याला फसवणारी एखादी आकृती घ्या. ती फसवते आहे हे कितीही समजावून सांगा, डोळा ऐकत नाही. पण तीच आकृती नुसती बघत राहा. कुणी काही सांगायला नको, चूक-बरोबर कळायला नको. भास हळूहळू उतरतो, पट्टीनं मोजता येईल इतका उतरतो. सांगून जे होत नाही ते बघून होतं. शिक्षक म्हणून मला हे फार झोंबतं, कारण माझी तेहतीस वर्षं सांगण्यातच गेली.

एक खुलासा आधी करतो, नाहीतर शेवटी कुणीतरी उठून मृगजळाचं विचारतं. मृगजळ यात धरायचं नाही. तापलेल्या डांबरावरच्या हवेत प्रकाशाचे किरण खरोखरच वाकतात. फोटो काढा, फोटोतही पाणी येतं. तिथे डोळ्याची काही चूक नाही, तो जे समोर येतंय ते इमानदारीनं दाखवतो. सोलापूरपर्यंत बघत गेलात तरी ते कमी होणार नाही. आपण बोलतोय ते डोळ्याच्या आणि मेंदूच्या स्वतःच्या चुकांबद्दल.

प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठ्याची पट्टी दिली आहे. ती इतक्यात हलवू नका. प्रयोग नंतर, आधी भिंत.

सहा वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नवं केलं. आम्ही म्हणजे पैसे माझे आणि निर्णय हिचे, अशी साधी वाटणी. मी आडवा पडलो तो फक्त ओट्यामागच्या टाइल्सवरून. हिला दुकानात पसंत पडली होती ती फिकट बदामी, वर कपबशीचं चित्र. आता मी चित्रकलेचा माणूस. हातात खरी कपबशी असताना भिंतीवरची छापील कपबशी रोज सकाळी बघायची? मी म्हटलं, काळ्या-पांढऱ्या चौकोनी टाइल्स लावू. एक काळी, एक पांढरी. आणि बुद्धिबळाच्या पटासारख्या नकोत, विटांसारखी सांधेमोड करू. प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा अर्धी टाइल सरकवून.

मिस्त्री चांगला होता. कमी बोलणारा, जास्त मोजणारा. त्यानं एवढंच विचारलं, "सर, सांध्यात पांढरं भरू?"

मी म्हटलं, "छे! पांढरं भरलंस तर दोन महिन्यांत फोडणीनं पिवळं पडेल. राखाडी भर."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे पुरावा म्हणून येणार आहे.

मग मी दोन दिवस पुण्याला लग्नाला गेलो. परत आलो तेव्हा काम झालेलं. दिवा लावला आणि बघतो तर सगळ्या ओळी तिरक्या! एक ओळ डावीकडे निमुळती होत गेलेली, तिच्या वरची उजवीकडे, तिच्या वरची पुन्हा डावीकडे. लाकडाच्या पाचरी एकावर एक रचून ठेवाव्यात तसं. अहो, मी आयुष्यभर रेघा तपासल्या आहेत. पोरानं पट्टी सरकवली तर मला दोन बाकांवरून कळतं. आणि माझ्याच घरात, माझ्याच पैशानं हे?

फोन लावला. काय बोललो ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. सारांश असा की तू लाइनदोरी न लावता काम केलंस आणि शिल्लक राहिलेले चार हजार आता विसर.

तो दुपारी आला. भिंतीकडे बघितलं आणि गप्पच झाला. मला वाटलं, चोर सापडला. खरं तर त्यालाही ती तिरकीच दिसत होती. बऱ्याच वेळानं म्हणाला, "सर, टाइल्स बसवल्या तेव्हा सरळ होत्या. सांधे भरायला पोराला ठेवून मी दुसऱ्या साइटवर गेलो होतो."

"मग काय, रात्रीतून भिंत वाकली?"

यावर तो काही बोलला नाही. पिशवीतून पाणसळ काढली आणि पहिल्या ओळीवर धरली. बुडबुडा बरोबर मध्ये. दुसऱ्या ओळीवर, मध्ये. मी म्हटलं, तुझी पाणसळच बिघडलेली असेल. त्यानं ती उलटी फिरवली, डावं टोक उजवीकडे करून त्याच ओळीवर पुन्हा धरली. पाणसळ खोटी असेल तर फिरवल्यावर बुडबुडा दुसऱ्या बाजूला पळतो, हे मला त्या दिवशी कळलं. नाही पळाला. मग टेप काढला. सांध्यापासून सांध्यापर्यंत इकडे चार इंच, तिकडे चार इंच, मध्येही चार इंच. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. भिंत तिरकी ती तिरकीच.

मग त्यानं एक गोष्ट केली ती मी जन्मात विसरणार नाही. पांढऱ्या सुताची लाइनदोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ताणून बरोबर एका सांध्यावर टेकवली. आणि तो सांधा सरळ झाला! वरचा तिरका, खालचा तिरका, मधला सुतासारखा. सुतासारखा म्हणजे काय, सूतच होतं. दोरी उचलली की पुन्हा तिरका. टेकवली की सरळ. आम्ही दोघं, मी पासष्ट वर्षांचा आणि तो पन्नाशीचा, दोरीची दोन टोकं धरून वीस मिनिटं तो खेळ करत होतो. हिनं दारातून बघितलं आणि काही न बोलता चहा ठेवला.

तरी माझा अहंकार काही सरळ होईना. शेजारच्या निवृत्त इंजिनियर साहेबांना बोलावलं. त्यांनी हात मागे बांधून भिंतीपुढे दोन फेऱ्या मारल्या आणि निर्णय दिला, "पाया खचलाय." जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसलेला माझा सातवीतला नातू म्हणाला, "आजोबा, मस्त दिसतंय, तसंच ठेवा." पैसे मी त्या दिवशी दिले नाहीत. मिस्त्री पाणसळ पिशवीत घालून गेला.

रात्री पुतणीला फोटो पाठवला. ती बंगलोरला असते. पाच मिनिटांत उत्तर आलं: "काका, तुमची भिंत ब्रिस्टलला आहे."

इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात सेंट मायकल्स हिल नावाचा चढ आहे. तिथल्या एका कॅफेची बाहेरची भिंत अशीच काळ्या-पांढऱ्या टाइल्सची, सरकवून लावलेली, सांधे राखाडी. रिचर्ड ग्रेगरी हे दृष्टीच्या मानसशास्त्रातलं मोठं नाव. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका सहकाऱ्याला जाता-येता ती भिंत तिरकी दिसली. ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी १९७९ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. तेव्हापासून जगभर तो 'कॅफे वॉल' भास म्हणून ओळखला जातो. ही आकृती कागदावर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीच आली होती, पण भिंतीला आली तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. माझ्या भिंतीवर कुणी निबंध लिहिला नाही. असो.

त्यांना सापडलेली गोष्ट ऐका. भास अवलंबून असतो सांध्याच्या रंगावर. सांधा काळ्या आणि पांढऱ्याच्या मधल्या छटेचा, म्हणजे राखाडी, आणि बारीक असेल तरच ओळी तिरक्या होतात. तोच सांधा काळ्या टाइलपेक्षा काळा किंवा पांढऱ्या टाइलपेक्षा पांढरा केला की भास जातो. राखाडी रेघेच्या वर पांढरी टाइल आणि खाली काळी, किंवा उलट, अशा जागी त्या रेघेचे बारके तुकडे डोळ्याला किंचित कललेले लागतात. एका ओळीतले सगळे तुकडे एकाच बाजूला कलतात, म्हणून अख्खी रेघ कलते.

आता मिस्त्रीचं सगळं बोलणं आठवा. टाइल्स लावल्या तेव्हा सरळ होत्या, कारण सांधे रिकामे, आत काळोख. राखाडी भरलं आणि तिरक्या झाल्या. पांढरी दोरी टेकवली, सरळ झाल्या. माणूस अक्षर न् अक्षर खरं बोलत होता आणि मी त्याला खोटा ठरवून मोकळा झालो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चार हजार आणि पाव किलो पेढे घेऊन त्याच्या साइटवर गेलो. त्यानं पैसे मोजले, पेढा तोंडात टाकला आणि म्हणाला, "सर, मी विचारलं होतं, पांढरं भरू का."

सांधे खरवडून पांढरे करून द्यायला तो तयार होता. मी नको म्हटलं. इतकी पदरमोड करून भ्रम घरी आणला, त्याला असाच कसा घालवायचा? तेव्हापासून ही भिंत माझी प्रयोगशाळा.

(बाजूच्या काकूंनी खुणेनं विचारलंय, उभ्या रेघांच्या साडीनं माणूस बारीक दिसतो, तोही भ्रमच का. काकू, हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच दाखवून ठेवलंय की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन जास्त उंच आणि निमुळता वाटतो. म्हणजे आपण दुकानात नेमकं उलटं मागतो. मी हे घरी एकदा सांगून बघितलं. पुन्हा सांगणार नाही.)

तर भिंत. ती सरळ आहे हे मला शंभर टक्के माहीत होतं, दोरीचं टोक मी स्वतः धरलं होतं. तरी रोज सकाळी चहाला बसलो की तिरकी. ज्ञानाचा काडीचा उपयोग नाही. पण महिना-दीड महिन्यानं मी हिला विचारलं, "तुला अजून तिरकी दिसते का गं?" तर म्हणते, "कुठली?" मला वाटलं, चिडवतेय. मग दिवाळीत मेव्हणी आली, स्वयंपाकघरात पाऊल टाकलं आणि किंचाळलीच, "अगं ताई, ही भिंत पडायला आलीय का?" ही शांतपणे चकल्या तळत होती. भिंत तीच, राखाडी तीच, बहिणीच्या डोळ्याला तिरकी आणि हिच्या डोळ्याला सरळ.

आता इथे घाई करायची नाही, कारण इथेच गोम आहे. हिला भिंत सरळ दिसायला लागली, की हिचं भिंतीकडे लक्षच जाईनासं झालं? घड्याळाची टिकटिक दोन दिवसांनी ऐकू येत नाही, म्हणून घड्याळ काही हळू वाजत नसतं. सवयीनं लक्ष उडणं वेगळं आणि भास खरोखर घटणं वेगळं. नुसतं विचारून हे कळत नाही. मोजायला लागतं.

म्हणून ही पट्टी. आता घ्या हातात. लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची आहे, काहींच्या आतल्या बाजूला कुणाकुणाचा शुभमुहूर्त दिसेल, तिकडे दुर्लक्ष करा. बाहेर खोळ आहे, आत सरकणारी पट्टी. खोळीवरच्या रेघेच्या दोन्ही टोकांना बाणाची टोकं आत वळलेली, नेहमीच्या बाणासारखी. सरकणाऱ्या पट्टीवरच्या रेघेचं टोक उलटं, बाहेर पसरलेलं, पक्ष्याच्या पायासारखं. पट्टी आतबाहेर करून दोन्ही रेघा सारख्या लांबीच्या वाटतील तिथे थांबा. उलटी करा. मागे खुणा केल्या आहेत, किती चुकलात ते तिथे कळेल.

हसू नका, सगळेच चुकलेत. पक्ष्याच्या पायाची रेघ लांब वाटते, म्हणून तुम्ही तिला आखूड ठेवलीत. ही आकृती फ्रान्झ म्युलर-लायर या जर्मन गृहस्थांनी १८८९ मध्ये छापली. दृष्टिभ्रमांत इतकं मोजमाप दुसऱ्या कुठल्या आकृतीवर क्वचितच झालं असेल, बिचाऱ्या दोन रेघा.

मी आणि हिनं रात्री जेवणानंतर बसून ही पट्टी रोज वीस-वीस वेळा सरकवली. नियम एकच, मागची बाजू बघायची नाही. खुणा नातू वाचायचा आणि वहीत लिहायचा, आम्हाला सांगायचा नाही. पहिल्या रात्री आम्ही दोघंही अंगठ्याच्या नखाएवढे चुकलो. दोन आठवड्यांनी हिची चूक करंगळीच्या नखापेक्षा कमी झाली होती. कुणी तिला एकदाही सांगितलं नव्हतं की तू चुकतेस. माझी मात्र पहिल्या रात्रीसारखीच. नातवानं वही दाखवली तेव्हा मी पट्टीच बिघडलेली असल्याचा आरोप केला. मिस्त्री आठवला आणि गप्प बसलो.

हिची उतरली आणि माझी का नाही? यासाठी मला वाचावं लागलं. आणि वाचताना भेटले चार्ल्स जड. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, पण जन्म १८७३ मध्ये आपल्याकडे बरेलीला, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. या गृहस्थांनी १९०२ मध्ये, म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या शंभराहून जास्त वर्षं आधी, हेच केलं होतं. माणसांना दिवसामागून दिवस ही आकृती जुळवायला लावली. चूक उतरत गेली. म्हणजे मी जगाला नवीन काही सांगत नाहीये, फक्त त्यांनी आमच्यासारख्या लग्नपत्रिका वापरल्या नसाव्यात.

(चिठ्ठी आलीय. 'दहा मिनिटं.' अहो, सुरुवातीला सत्कारात गेली ती मोजलीत का? बरं.)

मग १९५० मध्ये वोल्फगांग कोलर आणि ज्यूलिया फिशबॅक. कोलर म्हणजे टेनेरिफ बेटावर चिंपांझी डोकं कसं चालवतात हे बघायला त्यांच्यासमोर खोकी आणि केळी ठेवणारे मानसशास्त्रज्ञ, तेच. त्यांनी लोकांना शेकडो वेळा ही आकृती जुळवायला लावली. काहींच्या बाबतीत भास पार पुसला गेला. बरोबर की चूक हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. कोलर म्हणाले, बघा, चूक कळलेलीच नाही तर हे शिकणं कसलं? त्यांच्या मते एकाच आकृतीचा मारा होऊन मेंदूतली ती जागा भरून जाते, तृप्त होते, लाडू खाऊन गोडाची चव जावी तशी.

मला हे पटायचं, पण मग माझी जीभ का नाही तृप्त झाली? उत्तर १९६८ च्या एका प्रयोगात मिळालं. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञानं आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी काही लोकांना आकृतीवर डोळे या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं आणि काहींना एकाच बिंदूवर नजर खिळवायला. ज्यांचे डोळे फिरले त्यांचा भास उतरला. ज्यांनी टक लावली त्यांचा नाही. तृप्तीचाच मामला असता तर टक लावणाऱ्यांचा आधी उतरायला हवा होता, त्यांच्या तर एकाच जागी मारा होत होता.

याचा अर्थ असा लावतात: डोळा एका टोकावरून दुसऱ्यावर उडी मारतो ती दिसणाऱ्या लांबीच्या अंदाजानं. रेघ लांब भासते म्हणून उडी जास्त पडते, आखूड भासते म्हणून कमी पडते. नजर टोकाच्या पुढे किंवा अलीकडे जाऊन पडली की लगेच छोटीशी दुरुस्ती करावी लागते. आपल्याला हे कळतही नाही. पण अशा शेकडो दुरुस्त्या झाल्या की अंदाजच बदलतो. चूक सांगायला बाहेरचं कुणी लागत नाही, डोळ्याला ती स्वतःच्या उडीतून कळते. स्टॅन्ली कोरेन आणि जोन गर्गस यांनी पुढे सत्तरच्या दशकात म्युलर-लायरशिवाय इतर आकृत्यांवरही हे मोजलं. काही मिनिटं मोकळेपणानं बघितलं तरी उतार दिसतो.

आता आमच्या घरात या. मी चहाचा कप घेऊन खुर्चीत बसतो आणि भिंतीच्या एकाच जागेकडे टक लावून बघतो, फसवते का बघू म्हणून. पट्टीवरही तेच, मधल्या बाणाच्या टोकावर नजर रोवून. चित्रकाराची एकाग्रता! ही ओट्याशी उभी, डबा घे, मीठ घे, चिमटा शोध, दिवसाला तीन-चार तास तिची नजर त्या सांध्यांवरून आडवी-उभी धावते. पट्टीसुद्धा तशीच बघायची, भाजी निवडल्यासारखी, या टोकाचं बघून त्या टोकाला. मी तिला म्हणायचो, नीट बघ, असं भिरभिर बघू नकोस. तेहतीस वर्षं वर्गातही हेच म्हणालो. पोरांना बादलीसमोर बसवायचं आणि 'तोंड लंबगोल आहे, लंबगोल!' असं ओरडायचं. हात लांब करून पेन्सिलीनं मापं घ्यायला शिकवायचो, त्यात तरी नजर वस्तूवरून कागदावर आणि परत जायची. पण तेही पाच मिनिटं, कारण तास पस्तीस मिनिटांचा.

(हो, दिसली चिठ्ठी. 'पाच मिनिटं', खाली दोन रेघा. दोन्ही सारख्या लांबीच्या वाटतात मला.)

मुख्य विषय आता सुरू होतो, तेव्हा जरा भरभर घेतो.

तुमच्यापैकी ज्यांनी दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा घेतलाय, त्यांना पहिल्या आठवड्यात जिना उतरताना पायऱ्या लाटांसारख्या हलताना दिसल्या असतील. नंतर थांबल्या. काचा त्याच. जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञानं १८९७ मध्ये जग उलटं दाखवणारं भिंग एका डोळ्याला लावून, दुसरा डोळा झाकून आठ दिवस काढले आणि शेवटी शेवटी त्यांचे व्यवहार बरेच सुरळीत झाले. डोळा स्वतःला जुळवून घेतो, पण फिरलं-वावरलं तर. चष्मा घालून खुर्चीत बसून राहिलात तर पायऱ्या हलतच राहतील.

आता उलट बाजू, कारण नाहीतर पुढच्या रांगेतले भौतिकशास्त्राचे सर मला सोडणार नाहीत. सगळे भास बघून उतरत नाहीत. १९६५ मध्ये सेलेस्ट मॅककुलो यांनी दाखवलेल्या भासात लाल उभ्या आणि हिरव्या आडव्या रेघा काही मिनिटं आलटून पालटून बघायच्या. मग साध्या काळ्या-पांढऱ्या रेघांवर उलट रंगाची झाक दिसते, आणि ती दिवसेंदिवस टिकू शकते. तिथे बघण्यानं भास तयार होतो. आणि उगवता चंद्र! क्षितिजापाशी परातीएवढा, डोक्यावर आला की वाटीएवढा, फोटोत दोन्ही सारखे. लहानपणापासून बघतोय, जराही उतरत नाही. माझं मत विचाराल तर आपण तो बघतो कुठे? संकष्टीला भुकेल्या पोटी दोन मिनिटं, की लगेच पानावर. आणि शिवाय चंद्राच्या या काठावरून त्या काठावर नजरेला उडी मारायला तो आहे केवढा! एवढ्याशा उडीत चूक सापडणार किती? हे माझं मत आहे, निबंध नाही.

मग प्रश्न येतो, हे भास मुळात कुठून येतात? विल्यम रिव्हर्स हे इंग्रज संशोधक १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या टोरेस सामुद्रधुनीतल्या बेटांवर आणि नंतर आपल्या निलगिरीत तोडा लोकांकडे ही बाणांची आकृती घेऊन गेले. दोन्हीकडे लोक इंग्रजांपेक्षा कमी फसले. मग १९६६ मध्ये सेगल, कॅम्पबेल आणि हर्सकोविट्स यांनी अनेक समाजांत मोजून म्हटलं की काटकोनांच्या घरांत, कोपऱ्यांत वाढल्यानं डोळ्याला ही खोड लागते. ऐकायला सुंदर. पण २०१५ मध्ये पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशच्या, म्हणजे अंध मुलांना दृष्टी देऊन ती कशी बघायला लागतात ते अभ्यासणाऱ्या उपक्रमाच्या गटानं उत्तर भारतातल्या नऊ मुलांबद्दल लिहिलं. जन्मापासून मोतीबिंदू, वय आठ ते सोळा. शस्त्रक्रियेनं दृष्टी आली आणि लगेच त्यांना हीच आकृती दाखवली. ती मुलं फसली. कोपऱ्यांची घरं बघायला त्यांना वेळच मिळाला नव्हता! म्हणजे भास शिकलेला नाही, निदान सगळा नाही. तो आधीच असतो, आणि बघण्यानं उतरवता येतो. तोडांचा आकडा मग कसा समजून घ्यायचा? यावर खरं तर माझं पूर्ण भाषण होतं. कागद इथे आहेत, चार पानं.

बरं, अध्यक्ष उठून उभे राहिलेत, म्हणजे संपलं. घरी गेल्यावर पट्टी रोज सरकवा, नजर टोकाटोकाला फिरू द्या, मागे बघू नका, आकडे दुसऱ्याला लिहायला सांगा. आणि पुढच्या महिन्यात वाचनालयात परत आणून द्या, चाळीसच आहेत. नव्या करायच्या तर पुठ्ठा लागतो, आणि हल्ली लग्नपत्रिका मोबाइलवर येतात.